शाळेबाहेरचे शिक्षण : वसंतदादा पाटील

महाबळेश्वराच्या क्षेत्री पंचगंगेचे जुने देवालय आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तेथे आहे अशी भाविकांची श्रद्धा आहे. सावित्री व गायत्री पश्चिमेस कोकणात उतरतात. कृष्णा मात्र जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेची दूरची वाट धरते. वाईच्या घाटांवरून ती खाली येते, कऱ्हाडास कोयनेला भेटते आणि सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर वारणेला पोटात घेते. डोंगरावर ओंजळीत मावणारे हे पाणी सांगलीस येईपर्यंत एवढे वाढते की, पावसाळ्यात काठच्या गावांस त्याचे भय वाटावे.

याच महाबळेश्वरास दुसराही एक इतिहास आहे. १८२९ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा मिळविली आणि तेथे हवा खाण्याचे ठाणे वसविले. पुढे शंभरांहून अधिक वर्षे मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळा लागला की या डोंगरावर चढत असे. विलायतेच्या नामांकित विद्यापीठांतून शिकून आलेले अधिकारी येथील गारव्यात बसून खालच्या मुलखाचा कारभार पाहात. राज्य करावयाचे ते भरपूर शिकलेल्यांनी, आणि ज्यांच्यावर करावयाचे त्यांनी फार तर सही करण्यापुरते शिकावे, अशी त्या व्यवस्थेची धारणा होती. ती धारणा इंग्रजांबरोबर गेली असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्या शहरांतील सुशिक्षित घरांतूनही ती पुष्कळ काळ नांदली.

या पार्श्वभूमीवर एक चरित्र मोठे विचार करण्याजोगे आहे. कृष्णेच्याच काठी, सांगलीजवळच्या पद्माळे गावच्या एका शेतकरी कुटुंबात १३ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेल्या आणि मराठी सातव्या इयत्तेपलीकडे न गेलेल्या एका गृहस्थाने महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ चार वेळा घेतली. हे गृहस्थ म्हणजे वसंतराव बंडूजी पाटील, अर्थात अवघ्या महाराष्ट्राचे वसंतदादा. राज्यकारभारासाठी लागणारे ज्ञान त्यांनी कोठे मिळविले, आणि त्या ज्ञानाची मर्यादा कोठे दिसली, हे दोन प्रश्न या चरित्रात गुंतलेले आहेत. पहिल्याचे उत्तर कौतुकाचे आहे. दुसऱ्याचे तितके सोपे नाही.

वसंतदादांच्या आईवडिलांचे छत्र अगदी बालपणी हरपले. आजीने त्यांस वाढविले. घरची शेती हेच काय ते पाठबळ. त्या काळी मराठी सातवी म्हणजे खेड्यातील शिक्षणाचे शिखर होते. सातवीची परीक्षा उतरलेल्या मुलास तलाठ्याची किंवा प्राथमिक शिक्षकाची जागा मिळण्याची आशा असे. ज्या नाना पाटलांस पुढे लोकांनी ‘क्रांतिसिंह’ म्हटले, त्यांनीही आरंभी तलाठ्याची नोकरी केली होती. त्यापुढचे इंग्रजी शिक्षण घ्यावयाचे तर शहरात राहण्याजेवण्याची सोय हवी, फीचे पैसे हवेत, आणि घरी नांगर धरणारा दुसरा कोणी हवा. या तिन्ही गोष्टी जेथे नाहीत तेथे बुद्धीचा काय उपयोग? याच जिल्ह्यात १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, ती नेमकी ही अडचण ओळखून. परंतु एक संस्था किती मुलांस पुरी पडणार? जी हजारो मुले सातवीच्या उंबरठ्यावरून परत शिवारात गेली, त्यांपैकीच वसंतदादा एक होत.

तथापि तो काळच असा होता की, शाळा सुटली तरी शिक्षण सुटत नसे. १९३० सालच्या कायदेभंगाच्या चळवळीने सातारा जिल्ह्याची खेडी जागी केली. प्रभातफेऱ्या, सभा, जंगल सत्याग्रह यांतून शेतकऱ्यांच्या मुलांस प्रथमच एक गोष्ट कळली. सरकार म्हणजे काही पाऊसवारा नव्हे. ते माणसांनी चालविलेले असते, आणि म्हणून माणसांना बदलताही येते. हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता. वसंतदादा कोवळ्या वयात या चळवळीत ओढले गेले, आणि १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची घोषणा झाली आणि मोठे पुढारी एका रात्रीत गजाआड गेले. मागे उरले ते खेड्यापाड्यांतील तरुण. साताऱ्याच्या ग्रामीण भागात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. सांगलीच्या बाजूस वसंतदादा व त्यांचे सोबती भूमिगत राहून काम करीत होते. सरकारी दळणवळण तोडणे, शस्त्रे व पैसा मिळविणे, पोलिसांस हुलकावणी देणे हा त्यांचा नित्यक्रम. जून १९४३ मध्ये ते पकडले गेले आणि सांगलीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. सांगली हे त्या वेळी पटवर्धनांचे संस्थान होते, आणि तुरुंग होता तेथील किल्ल्यात.

२४ जुलै १९४३ या दिवशी, भरदिवसा, वसंतदादा आणि त्यांचे पंधरासोळा सोबती पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून तुरुंगाबाहेर पडले. तटावरून खंदकात उड्या टाकून ते कृष्णेच्या दिशेने धावले. पाठलाग करणाऱ्या पोलिसांनी गोळीबार केला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघे सोबती हुतात्मा झाले. वसंतदादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते जखमी अवस्थेत पुन्हा पकडले गेले. खटला होऊन त्यांस तेरा वर्षांची शिक्षा झाली, आणि स्वातंत्र्य दृष्टिपथात आल्यावर १९४६ साली त्यांची सुटका झाली.

या प्रसंगाची वर्णने बहुधा शौर्यकथा म्हणून सांगितली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु पुढील आयुष्याच्या दृष्टीने त्यातील दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा वाटतो. वयाच्या पंचविसाव्या वर्षी एका माणसाने निर्णय घेतला, इतरांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून उडी घेतली, आणि त्यांतील दोघे परत आले नाहीत. पुढारीपणाची किंमत दुसऱ्यालाही मोजावी लागते, हे ज्ञान ज्याला एवढ्या लवकर होते, त्याला लोकांच्या भरवशाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. लोक त्यांना ‘दादा’ म्हणू लागले. घरातील वडील भावाचे हे नाव आहे. ते कोणतेही विद्यापीठ देत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिणेकडील भाग दक्षिण सातारा म्हणून ओळखला जाऊ लागला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. १९५२ साली प्रौढ मतदानाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मत देण्यासाठी ना जमीन लागत होती, ना परीक्षेचा दाखला. वसंतदादा सांगलीतून मुंबई राज्याच्या विधानसभेत निवडून गेले. परंतु त्यांची खरी पाठशाळा विधानसभेच्या सभागृहात नव्हती. ती उसाच्या फडात होती.

सांगली ही त्या वेळी हळद आणि गूळ यांची मोठी बाजारपेठ होती. कृष्णाकाठचा शेतकरी ऊस लावी, गुऱ्हाळावर त्याचा गूळ करी आणि अडत्याच्या दुकानी नेऊन ठेवी. भाव ठरविणार अडत्या, उचल देणार अडत्या, आणि वर्षाअखेरीस हिशेब सांगणारही तोच. या चक्रातून सुटण्याचा एक मार्ग नगर जिल्ह्यात सापडला होता. विठ्ठलराव विखे पाटील या अल्पशिक्षित शेतकऱ्याने आणि धनंजयराव गाडगीळ या थोर अर्थशास्त्रज्ञाने मिळून प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभारला, आणि १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. एकाजवळ मातीचे ज्ञान होते, दुसऱ्याजवळ ग्रंथांचे. दोघांनी एकमेकांस कमी लेखले नाही, म्हणून ते काम उभे राहिले. हाच कित्ता पुढे पश्चिम महाराष्ट्राने गिरविला, आणि त्याच दशकात वसंतदादांच्या पुढाकाराने सांगलीस शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे तो देशातील मोठ्या सहकारी कारखान्यांत गणला गेला.

असा कारखाना चालविणे म्हणजे काय, याची कल्पना शहरी वाचकांस सहसा नसते. ऊस तोडला की त्याचे वजन आणि त्यातील साखर तासागणिक घटू लागते. एका दिवसाच्या आत तो गव्हाणीत पडला पाहिजे. म्हणजे कोणत्या गावच्या कोणत्या फडाला कोणत्या दिवशी कोयता लागणार, तोडणीच्या टोळ्या किती, गाड्या किती, यांचे गणित दिवाळीच्या सुमारापासून उन्हाळ्यापर्यंत रोज मांडावे लागते. शंभर मण उसातून दहा-अकरा मण साखर निघते. या उताऱ्यात अर्ध्या टक्क्याचा फरक पडला तरी हजारो सभासदांच्या घरी तो जाणवतो. भांडवल उभे राहते ते शेतकऱ्यांच्या भागांतून, सरकारच्या भागांतून आणि कर्जातून. कर्जाचा हप्ता आणि उसाचा भाव यांची ओढाताण कायमची. आणि एवढे करून वार्षिक सभेत ज्याचा एक भाग आहे त्याला एक मत, आणि ज्याचे दहा आहेत त्यालाही एकच मत. तेथे अध्यक्षाला ताळेबंद समजून घ्यावाच लागतो, आणि जो समजला तो धोतर-फेट्यातील सभासदांना त्यांच्या भाषेत समजावूनही द्यावा लागतो.

रसायनशास्त्र, यंत्रशास्त्र, सावकारी, बाजार, कायदा आणि मनुष्यस्वभाव हे सारे विषय येथे एकाच वर्गात शिकावे लागतात. यात नापास होणाऱ्यास पुन्हा परीक्षेस बसण्याची सवलत नसते. वसंतदादांचे स्वयंशिक्षण ते हेच. पुस्तके वाचून विद्वान झालेल्या स्वयंशिक्षितांची परंपरा वेगळी. वसंतदादा कामाने शिकले. त्यांना जे ठाऊक नव्हते ते ज्याला ठाऊक आहे अशा माणसाला शोधून, त्याच्यावर काम सोपविण्याची कला त्यांच्याजवळ होती, आणि कारभारात ही कला पुष्कळदा स्वतःच्या विद्वत्तेहून अधिक उपयोगी पडते. ऊस व साखर यांच्या संशोधनासाठी कारखानदार शेतकऱ्यांनी १९७५ साली पुण्याजवळ मांजरी येथे जी संस्था काढली, तिला पुढे वसंतदादांचेच नाव देण्यात आले, हे या दृष्टीने सूचक आहे. १९६७ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण हा किताब दिला.

पुढील राजकीय कारकीर्द चढउतारांची आहे. १९७२ साली, महाराष्ट्र भीषण दुष्काळात सापडला असता, ते वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात आले आणि पाटबंधाऱ्यांचे काम त्यांच्याकडे आले. सांगली जिल्ह्याच्या माणसाला पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. पश्चिमेस शिराळ्याच्या डोंगरात धो धो पाऊस, मध्ये कृष्णाकाठची काळी जमीन, आणि पूर्वेस जत-आटपाडीचा कोरडा माळ. एकाच जिल्ह्यात तीन ऋतू नांदावेत तसा हा प्रकार. १९७६ साली शंकरराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळातून ते बाहेर पडले आणि त्यांनी राजकारणातून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले. परंतु १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत आणीबाणीवर लोकांचा रोष प्रकट झाला, काँग्रेसची महाराष्ट्रातही पीछेहाट झाली, आणि त्याच वर्षी तेच निवृत्त गृहस्थ मुख्यमंत्री झाले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारी कर्मचारी आणि शिक्षक यांचा महागाई भत्त्यासाठी संप सुरू झाला. तो ५४ दिवस चालला. कचेऱ्या ओस पडल्या. खेड्यातून आलेला मुख्यमंत्री एका बाजूस आणि सुशिक्षित नोकरवर्ग दुसऱ्या बाजूस, असे ते चित्र होते. ज्याच्या उत्पन्नाला कोणी भत्ता देत नाही अशा कोरडवाहू शेतकऱ्याच्या नजरेतून सरकारी तिजोरीकडे पाहणारा माणूस आणि महिन्याच्या पगारात घर चालविणारा कारकून, या दोघांची भाषा एकमेकांस सहज कळणारी नव्हती. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. या दोन महाराष्ट्रांची ओळख करून देण्याचे काम तेव्हा अपुरे राहिले, आणि आजही ते पूर्ण झाले आहे असे नाही.

१९७८ च्या मार्चमध्ये दोन काँग्रेस पक्षांनी मिळून सरकार बनविले, वसंतदादा पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. हा संसार चार महिनेच टिकला. जुलैत शरद पवार आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले, सरकार कोसळले, आणि १८ जुलै १९७८ रोजी पवार मुख्यमंत्री झाले. ज्या माणसाने आयुष्यभर माणसे जोडली त्याचे राज्य त्याच्याच माणसांनी मोडले. १९८० साली ते सांगलीतून लोकसभेवर निवडून गेले आणि २ फेब्रुवारी १९८३ रोजी तिसऱ्यांदा मुख्यमंत्री होऊन मुंबईस परतले. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा याच कारकिर्दीच्या सुमारास गावोगाव पोचली.

आता त्या निर्णयाकडे वळावयाचे, ज्यामुळे वसंतदादांचे नाव सुशिक्षित घरांत आजही वादाचा विषय होते. १९८३ साली त्यांच्या सरकारने अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये विनाअनुदान तत्त्वावर काढण्यास खाजगी संस्थांना परवानगी दिली. सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून होते, आणि १९५५ पासून ते वालचंद यांच्या नावाने चालत होते. परंतु साऱ्या राज्यात अशा महाविद्यालयांची संख्या इतकी थोडी होती की, चांगले गुण मिळालेल्या पुष्कळ मुलांनाही प्रवेश मिळत नसे. ज्यांच्याजवळ पैसा होता ती मुले कर्नाटकात जाऊन, देणगी भरून शिकत. ज्यांच्याजवळ नव्हता ती घरी बसत. मग आपल्या मुलांनी परराज्यात का जावे, असा हा साधा विचार होता. १९८३ सालीच सांगलीजवळ बुधगावास, इस्लामपूरजवळ साखराळ्यास आणि पुण्यास अशी महाविद्यालये सुरू झाली. पुढील वर्षांत त्यांची संख्या झपाट्याने वाढली.

येथे अमेरिकेच्या इतिहासातील एका घटनेची आठवण होणे स्वाभाविक आहे. जस्टिन मॉरिल हा व्हरमाँट संस्थानातील लोहाराचा मुलगा १८१० साली स्ट्रॅफर्ड या खेड्यात जन्मला. पंधराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. पुढे शिकण्याइतका पैसा घरी नव्हता. दुकानात नोकरी करीत, मिळेल ते पुस्तक वाचीत तो वाढला, व्यापारात पैसा मिळवून शेतीकडे वळला, आणि १८५५ साली अमेरिकन काँग्रेसमध्ये गेला. तेथे तो १८९८ साली मृत्यू येईपर्यंत होता. शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या मुलांना शेतकी व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये प्रत्येक संस्थानात निघावीत, असे विधेयक त्याने आणले. १८५९ साली अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी ते नाकारले. मॉरिलने ते पुन्हा आणले, आणि २ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध पेटले असता, अध्यक्ष लिंकन यांनी त्यावर सही केली. लिंकन यांचे सारे शालेय शिक्षण जेमतेम वर्षभराचे. म्हणजे ज्याने कायदा लिहिला तो महाविद्यालयात गेलेला नव्हता, आणि ज्याने सही केली तोही नव्हता. त्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या विद्यापीठांनी अमेरिकेची शेती आणि उद्योग यांचे रूप पालटले. ज्याला दारातून परत फिरावे लागले, त्यालाच दार मोठे करण्याची निकड अधिक वाटते. स्ट्रॅफर्ड आणि पद्माळे यांच्यामध्ये सात समुद्र असले तरी एवढी गोष्ट दोहोंकडे सारखी आहे.

परंतु फरकही लक्षात घेतला पाहिजे, आणि तो लहान नाही. मॉरिलच्या कायद्याने प्रत्येक संस्थानास त्याच्या दर प्रतिनिधीमागे तीस हजार एकर सरकारी जमीन दिली. ती विकून जो निधी येईल त्यावर महाविद्यालय चालावयाचे. दार सरकारने उघडले, आणि त्याचा खर्चही सार्वजनिक मालमत्तेतून सोसला. १९८३ च्या महाराष्ट्राने दार उघडण्याची परवानगी दिली. खर्च मात्र आत येणाऱ्याने सोसावयाचा होता. सरकारजवळ पैसा नव्हता, हे खरे. ज्याने लोकांकडून भाग गोळा करून कारखाना उभारला, त्याला महाविद्यालयही तसेच उभे राहील असे वाटले असल्यास त्यात नवल नाही. पण कारखाना आणि महाविद्यालय यांत एक भेद होता, आणि सारे अडले ते तेथेच. कारखान्यात पैसा घालणारा शेतकरी सभासद असे, त्याला मत असे, तो वार्षिक सभेत उभा राहून हिशेब विचारू शके. महाविद्यालयात पैसा भरणाऱ्या विद्यार्थ्याला ना भाग, ना मत. हिशेब विचारावयाचा कोणी आणि कोणाला?

परिणाम दुहेरी झाले. जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत अभियंते तयार झाले. ज्या घरांत पूर्वी कोणी मॅट्रिक नव्हते त्या घरांतील मुले-मुली संगणकाच्या धंद्यात परदेशी गेली. पुणे शहराच्या भरभराटीत या महाविद्यालयांचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या बाजूस, शिक्षण हा व्यापार झाला, संस्था राजकीय पुढाऱ्यांच्या हाती गेल्या, आणि देणगीच्या नावाखाली पालक नाडले जाऊ लागले. १९८७ साली महाराष्ट्रास अशा देणग्यांना बंदी करणारा कायदा करावा लागला. १९९३ आणि २००२ साली सर्वोच्च न्यायालयासही खाजगी महाविद्यालयांतील प्रवेश व फी या प्रश्नांवर महत्त्वाचे निर्णय द्यावे लागले. पुढे तर महाविद्यालये इतकी झाली की, कित्येक ठिकाणी जागा रिकाम्या राहू लागल्या. या साऱ्याचा दोष एका माणसाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पण त्याचा निर्णयाशी काही संबंधच नाही, असे म्हणणेही खरे होणार नाही.

मार्च १९८५ मध्ये वसंतदादांनी चौथ्यांदा शपथ घेतली. तथापि प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद प्रभा राव यांच्याकडे सोपविण्याच्या पक्षश्रेष्ठींच्या निर्णयाशी त्यांचे पटले नाही, आणि जूनच्या आरंभी त्यांचे मुख्यमंत्रिपद संपले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते राजस्थानचे राज्यपाल झाले. ज्या पदाच्या थाटासाठी एके काळी महाबळेश्वराचा डोंगर सजविला जात असे, त्याच जातीचे पद कृष्णाकाठच्या सातवी शिकलेल्या माणसाकडे चालत आले. त्यांचे मन मात्र तेथे रमले नाही. १९८७ च्या ऑक्टोबरात ते पद सोडून ते आपल्या माणसांत परतले. १ मार्च १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. सांगलीस कृष्णेच्या काठी त्यांची समाधी आहे.

त्यांनी उभारलेल्या साखर कारखान्यासही पुढे बरे दिवस राहिले नाहीत. तो कर्जात बुडाला आणि खाजगी कंपनीकडे भाड्याने चालविण्यास देण्याची पाळी आली. संस्था उभारणारा माणूस जे कामातून शिकतो, ते त्याच्याबरोबर जाते. तो ते कागदावर उतरवून ठेवीत नाही, आणि मागाहून येणारे बहुधा त्याची खुर्ची शिकतात, त्याचे काम शिकत नाहीत. स्वयंशिक्षणाची ही एक मोठी उणीव आहे. शाळेची उणीव दुसरी आहे. तेथील ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते, पण ते मिळविण्यासाठी आधी दारातून आत जावे लागते.

वसंतदादांच्या चरित्राकडे पाहून शिक्षणावाचून काही अडत नाही, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. शिक्षणावाचून किती अडते हे ज्याला स्वतःच्या जन्मात कळले, त्याने सत्ता हाती असताना काय केले, ते पाहावे. दार उघडले ते योग्यच झाले. दारावर कोणी बसावे, याचा विचार तेव्हा पुरता झाला नाही. तो करण्याचे काम आता शिकलेल्यांवर आले आहे, आणि त्यांना ते न करण्यास सातवीचे निमित्त पुढे करता येणार नाही.